एलियाहू हन्नाबीचा मलिदा

पोहे भिजत घालायचे नाहीत; धुवायचे आणि निथळत ठेवायचे. फुलले की त्यात ताजा खोवलेला नारळ, गूळ किंवा साखर, वेलची, जायफळ, बेदाणे आणि बदामाचे काप घालून हलक्या हातानं कालवायचे. इथवरची कृती रायगड जिल्ह्यातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात गोड पोह्यांची म्हणून खपून जाईल. पुढे मात्र वाट बदलते. हे पोहे एका मोठ्या तबकात शीग भरून रचतात. भोवती खजूर, केळी, सफरचंदं, संत्री मांडतात, वर गुलाबाची फुलं ठेवतात. जमिनीवर पांढरी चादर अंथरून तबक मधोमध येतं. पुरुष डोक्यावर टोपी चढवतात, बायका पदर किंवा ओढणी घेतात आणि घरातलं नाहीतर प्रार्थनालयातलं एखादं जाणतं माणूस हिब्रूत प्रार्थना सुरू करतं.

हा मलिदा. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा, म्हणजे बेने इस्रायल समाजाचा, हा खास विधी. जगातल्या इतर ज्यूंकडे तो नाही. मान असतो एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचा.

मलिदा कशासाठी करतात, याची यादी घरच्या काळज्यांच्या यादीइतकीच लांब आहे. लग्न ठरलं की मेंदीच्या आधी मलिदा. नव्या घरात राहायला जाताना मलिदा. कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, परीक्षेला बसलं, ऑपरेशनची तारीख मिळाली, मूल होत नाही म्हणून नवस बोलला, की मलिदा. आणि प्रवासी परतला, निकाल लागला, माणूस दवाखान्यातून घरी आला, पाळणा हलला, की पुन्हा मलिदा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की दोन्ही वेळी तबक तेच असतं. काळजीच्या वेळचे पोहे वेगळे आणि सुटकेनंतरचे वेगळे, असं काही नाही. एलियाहूचं गाणं तेच, फळं तीच, म्हणायचे आशीर्वादही तेच. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात घरात जमलेली माणसं जे म्हणतात ते ऐकून, पेशंट बरा व्हायचाय की झालाय, हे बाहेरच्याला ओळखता यायचं नाही. धीर देण्याचा वेगळा विधी या समाजानं ठेवलाच नाही. आभार मानण्याचाच विधी थोडा आधी उरकून घेतला.

आणि आभारही मोघम नाहीत. ज्यू धर्मशास्त्रात खाण्याच्या प्रत्येक जातीसाठी वेगळा आशीर्वाद आहे. झाडाच्या फळासाठी एक, जमिनीतून येणाऱ्या पिकासाठी दुसरा, सुवासासाठी तिसरा. मलिद्याच्या तबकात हे सगळे प्रकार मुद्दाम एकत्र आणलेले असतात. खजूर उचलून झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणायचा, मग केळं उचलून जमिनीच्या पिकाचा. केळं झाडाच्या फळांत का नाही, याचं उत्तर कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला पाठ असतं: घड उतरवला की केळीचा बुंधा तोडावाच लागतो, तो आंब्यासारखा वर्षानुवर्षं उभा राहत नाही. शास्त्रकारांनीही असाच विचार केला आणि केळीला झाडांतून वगळलं. मग गुलाबाचा किंवा एखाद्या सुवासिक डहाळीचा वास घ्यायचा आणि वासाबद्दलही देवाचे आभार मानायचे. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकानं याकोबाला दिलेला आशीर्वाद आहे. त्यात आकाशाचं दंव, सुपीक जमीन आणि मुबलक धान्य मागितलं आहे. तो मलिद्यात म्हटला जातो. एलियाहूचं गाणं सगळे मिळून म्हणतात. मग तबक फिरतं आणि गप्पा सुरू होतात. त्या मराठीत असतात.

हा विधी कोकणात आला कुठून, याचं उत्तर त्या समाजाच्या इतिहासाइतकंच धूसर आहे.

बेने इस्रायल लोकांची पिढीजात कथा अशी: फार पूर्वी एक जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्रानं बाहेर टाकलेली प्रेतं नवगावलाच पुरली. आज तिथे स्मारक उभं आहे. सामानाबरोबर धर्मग्रंथही बुडाले. वाचलेले लोक आसपासच्या गावांत पांगले, तेलाच्या घाण्यावर बसले आणि स्थानिक भाषा बोलू लागले. हे नेमकं कधी घडलं, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी हा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात नेला. लेखी पुरावा मात्र फार उशिरा, १७३८ मधल्या एका मिशनऱ्याच्या पत्रात सापडतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियाई ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. म्हणजे बाहेरून आल्याची आठवण खरी आणि इथे मुरल्याचीही खरी.

गावकऱ्यांनी त्यांना नाव दिलं शनवार तेली. शनिवारी यांचा घाणा बंद. आडनावं गावांवरून पडली: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर. ग्रंथ नव्हते, हिब्रू येत नव्हतं, पण काही गोष्टी हातातून सुटल्या नाहीत. मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हायची. खवले आणि पर असलेलेच मासे चुलीवर चढायचे. डेव्हिड राहाबी नावाच्या ज्यूनं या तेल्यांची परीक्षा घेण्यासाठी बायकांपुढे सगळ्या जातींचे मासे ठेवले आणि त्यांनी बिनखवल्यांचे तेवढे बाजूला काढले, तेव्हा त्याची खात्री पटली, अशी गोष्ट समाजात सांगतात. प्रार्थना म्हणून एकच वाक्यसमूह उरला होता, शमा. देव एक आहे, एवढं सांगणारा. बारसं असो, लग्न असो, मौत असो, शमाच म्हणायचा.

सणही होते, पण त्यांना हिब्रू नावं नव्हती. किहीमकरांनी ही जुनी नावं नोंदवून ठेवली आहेत. वर्षारंभाचा नव्याचा सण. सगळ्या व्यवहारांची दारं बंद करून उपास करायचा तो दारफाळणीचा सण. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म करायचा आणि आप्तेष्टांकडे जायचं. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याचा दिवस तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवसांत मांस वर्ज्य आणि ताटात वालाचं बिरडं. आणि भात तयार होण्याच्या सुमाराला खिरीचा सण. नव्या धान्याची खीर नारळाच्या रसात शिजवायची, ऊद जाळायचा, शमा म्हणायचा आणि मग ती खायची. नारळाचा रस का, याचं कारण धर्मातच आहे. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही असा ज्यूंचा दंडक. कोकणात त्यावर नारळासारखा हाताशी असलेला दुसरा तोडगा नव्हता. चिकाच्या हलव्यापासून मटणाच्या रश्श्यापर्यंत या समाजाचा सगळा स्वयंपाक नारळानं तोलला आहे.

मोठ्या सणांत नव्या धान्याचे आभार मानून व्हायचे. पण ज्याचं मूल तापानं फणफणलंय, त्याला खिरीच्या सणापर्यंत थांबता येत नाही. तिथे एलियाहू लागतो.

बायबलमधला एलीया हा काही गोडबोल्या संत नव्हे. तो राजाशी भांडतो, दुष्काळ पडणार म्हणून सांगतो, रानात लपून बसतो. तिथे कावळे त्याला अन्न आणून देतात. पुढे एका विधवेचा मेलेला मुलगा तो जिवंत करतो आणि शेवटी पाऊसही आणतो. मरण त्याला आलं नाही. अग्नीच्या रथात बसून तो सदेह स्वर्गात गेला. मेला नाही म्हणजे केव्हाही परत येऊ शकतो, या तर्कानं जगभरच्या ज्यूंनी त्याची वाट पाहिली. वल्हांडणाच्या जेवणात त्याच्यासाठी एक पेला भरून ठेवतात, सुंतेच्या वेळी एक खुर्ची त्याच्या नावाची असते.

कोकणात मात्र तो येऊनही गेला. नवगावच्या किनाऱ्यावर निपचित पडलेल्या माणसांना एलियाहूनं शुद्धीवर आणलं, असं बेने इस्रायल लोक सांगतात. अलिबागजवळ खंडाळे गावात एका खडकावर काही खुणा आहेत; त्याच्या रथाची चाकं आणि घोड्यांच्या टापा तिथे उमटल्या, अशी श्रद्धा आहे. त्या जागेला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात. तिथे लोक नवस बोलायला जातात आणि फेडायलाही. हिब्रू पंचांगातल्या शेवात महिन्याची पौर्णिमा म्हणजे ज्यूंकडे झाडांचं नवं वर्ष, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येणारं. बेने इस्रायल लोकांनी हा दिवस एलियाहूला देऊन टाकला. किहीमकरांच्या नोंदीत त्याचं नाव आहे एलियाहू हन्नाबीचा उरूस.

उरूस हे नाव आणि मलिदा हा पदार्थ, दोन्ही कोकणातल्या मुसलमान शेजाऱ्यांकडे बोट दाखवतात. दर्ग्यावर मलिदा चढवण्याची रीत कोकणात जुनी आहे. पश्चिम आशियात पाण्याचा रखवाला मानला जाणारा ख्वाजा खिज्र आणि एलीया यांची सांगडही शतकानुशतकं घातली गेली आहे. दुसरीकडे तबकाभोवती बसून गोडाचा प्रसाद वाटण्याची पद्धत हिंदू शेजाऱ्यांच्या सत्यनारायणाशी मिळतीजुळती. अनेक बेने इस्रायल घरांत भिंतीवर एलियाहूची रंगीत तसबीर असते, अग्नीच्या रथात उभा असलेला दाढीवाला संदेष्टा. ज्यू धर्मात चित्रापुढे प्रार्थना करणं बसत नाही आणि घरचे लोकही पूजा करतो असं म्हणत नाहीत. पण बाहेर पडताना नजर तिकडे जातेच. हे सगळं उसनं आहे का? भांडी उसनी असतील. त्यांत काय शिजवायचं हे मात्र घरच्यांनी ठरवलं.

नवस फेडायची सर्वांत मोठी गोष्ट मात्र पोह्यांची नाही, दगडविटांची आहे.

अठराव्या शतकात बेने इस्रायल तरुण घाणे सोडून ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत शिरू लागले. त्यांत समाजी हसाजी दिवेकर होते. इंग्रजी कागदांत सॅम्युएल एझिकेल दिवेकर. म्हैसूरशी झालेल्या दुसऱ्या युद्धात, म्हणजे १७८० ते १७८४ या काळात, ते भावासह कैद झाले. कैद्यांची हालत काय व्हायची हे सगळ्यांना माहीत होतं. आख्यायिका अशी, की कैद्यांची नावं-जाती विचारत असताना त्यांनी आपण बेने इस्रायल असल्याचं सांगितलं. टिपूच्या आईच्या कानावर ते गेलं. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते हेच लोक, असं म्हणून तिनं त्यांना जीवदान द्यायला लावलं. कैदेत असताना दिवेकरांनी नवस बोलला होता: जिवंत परतलो तर मुंबईत प्रार्थनालय बांधीन.

परतल्यावर त्यांनी बोललेलं खरं केलं. १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात शाआर हारहामीम उभं राहिलं, दयेचं द्वार. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. त्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट नाव पडलं. पुढे समाजानं दुसरं प्रार्थनालय बांधल्यावर याला जुनी मशीद म्हणू लागले. मध्य रेल्वेच्या मस्जिद स्थानकाचं नाव यावरूनच आलं, असं सांगितलं जातं. रोज त्या स्थानकावर उतरणाऱ्या हजारोंना आपण एका सैनिकाच्या नवसाच्या गावाला उतरतोय याची कल्पना नसते. दिवेकरांना स्वतःला या वास्तूचं सुख फार काळ लाभलं नाही. तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या मिळवण्यासाठी ते कोचीनच्या ज्यूंकडे गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले.

त्यानंतर कोकणात प्रार्थनालयांची रांग लागली. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३, ठाणे १८७९. ज्या समाजाकडे शे-दोनशे वर्षांपूर्वी एक शमा सोडून काही नव्हतं, त्याच्याकडे आता गुंडाळ्या होत्या, पुस्तकं होती, प्रार्थना म्हणवणारे हजान होते. कोचीनहून शिक्षक आले. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायल लोकांनी व्याकरण घेतलं आणि बाकीचं बहुतेकांनी साभार परत केलं. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाची हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे त्या सणाच्या जेवणात वाचायची पोथी, निघाली. १८७४ च्या पुणे आवृत्तीत तर बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायकांची चित्रं आहेत आणि त्या बायका लुगड्यांत आहेत. जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. १८८० च्या सुमाराला बेंजामिन अष्टमकर प्रभृतींनी कीर्तनाचा घाट उचलला आणि अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं टाळ-पेटीच्या साथीनं रंगू लागली.

या सुधारणेच्या लाटेत जुनं बरंच वाहून गेलं. नव्याच्या सणाचा रोश हाशाना झाला, दारफाळणीचा योम किप्पूर. खिरीचा सण मागे पडला. जगातल्या इतर ज्यूंसारखं व्हायचं, हा ध्यास त्यामागे होता आणि जे इतरांकडे नाही ते आपल्याकडे का, हा प्रश्न स्वाभाविक होता. या न्यायानं मलिदा सगळ्यांत आधी जायला हवा होता. तो राहिला. उलट नव्यानं शिकलेलं हिब्रू त्यात भरलं गेलं. एवढं तर उघड आहे, की ज्या काळी फक्त शमा येत होता, त्या काळच्या तबकापुढे आजचे सगळे आशीर्वाद म्हटले जात नसणार.

मलिदा टिकला याची कारणं साधी आहेत. तो घरात होतो, म्हणून प्रार्थनालयातल्या नियमांशी त्याची टक्कर होत नाही. त्याची सूत्रं बायकांच्या हातात असतात. कधी करायचा, कुणाला बोलवायचं, किती पोहे लागतील, हे त्या ठरवतात. आणि त्याचं काम दुसरं काहीही करू शकत नव्हतं. पंचांगातले सण सगळ्या समाजासाठी एकाच दिवशी येतात. एका घराची एका मंगळवारची धास्ती त्यांत कुठे मावणार? मलिदा त्या घरापुरता, त्या धास्तीपुरता असतो. काळजी करणारं माणूस एकटं बसून राहत नाही. त्याला नारळ फोडायचे असतात, फळं आणायची असतात, काका-मामांना निरोप धाडायचे असतात. मेंदीच्या आधीच्या मलिद्यात मुलीचा बाप निदान तासभर तरी हिशोबाची वही मिटतो.

काळज्या काही खोट्या नव्हत्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत गाठीच्या प्लेगचे पहिले रुग्ण सापडले ते मांडवीतच. गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी निदान केलं. दिवेकरांच्या दयेच्या द्वाराचा तोच परिसर. घरं रिकामी झाली, तपासणी पथकं दारात आली, लोक गावाकडे पळाले. याच धामधुमीत, १८९७ मध्ये, किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. खिरीचा सण, शिळा सण, एलियाहूचा उरूस, सगळं त्यांनी तपशिलानं टिपलं. हे सण झपाट्यानं बदलत असताना ते पाहणारा माणूस घरातलाच होता, हे आपलं नशीब. पुस्तक छापलं गेलं १९३७ मध्ये, तेल अवीवला. तोवर किहीमकर हयात नव्हते. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईच्या महापौरपदी बेने इस्रायल समाजाचे डॉक्टर ई. मोझेस आले. वरळीच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्यातला ई एलायजाचा, म्हणजे एलियाहूचाच.

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं तेव्हा भारतात बेने इस्रायल साधारण वीस हजार होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक जण तिकडे गेले. मायदेशी चाललोय, या आनंदात निघालेल्यांना बीरशेबा, डिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत जागा मिळाली. बरीचशी वाळवंटाच्या कडेची, नव्यानं वसवलेली. काम अंगमेहनतीचं, रंगावरून टोमणे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला काहींनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. काही खरंच परतले. त्यानंतर त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट घडली. १९६२ च्या सुमाराला तिथल्या मुख्य धर्मपीठानं बेने इस्रायल वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे आदेश काढले. यांची लग्नं शास्त्रशुद्ध ज्यूंची मानायची की नाही, हा वाद पेटला. ज्यांनी दोन हजार वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवल्याचं सांगितलं, त्यांच्याकडे कागद मागितला गेला. समाजानं मोर्चे काढले, उपोषणं केली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं बेने इस्रायल हे सर्वार्थानं ज्यू आहेत, असा ठराव केला.

अशा दिवसांत कोकणी रीत सोडून मुकाट्यानं इतरांसारखं वागणं सोयीचं झालं असतं. मलिदा मात्र तिकडेही रुजला. हैफा शहरात कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी एलीयाची गुहा आहे. नाना देशांतून आलेले ज्यू तिथे मागणं मागायला जातात. बेने इस्रायल लोकांनी खंडाळ्याच्या खडकाचा मान या गुहेला दिला. बसेस करून मंडळी हैफाला जाऊ लागली. इकडे एलियाहू परक्या मुलखात भेटायला आला होता. तिकडे त्याच्या मुलखात आपण परके वाटतोय, तर त्याच्याच दारात जाऊन बसावं, हा हिशोब कुणी मांडला नसेलही, पण वागण्यातून तो दिसतो. लष्करी सेवा सक्तीची असलेल्या देशात घरच्या काळज्यांच्या यादीत एक नवी नोंद झाली: मुलगा किंवा मुलगी गणवेश चढवून घराबाहेर पडण्याची. तबक त्यासाठीही मांडलं जाऊ लागलं.

सगळे नवस फळतात असं नाही, हे तबकाभोवती बसणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. ज्याच्यासाठी मलिदा केला ते आजारी माणूस गेल्याची उदाहरणं प्रत्येक घराण्यात असणार. तरीही त्या घरातला पुढचा मलिदा चुकत नाही. धारवाडी काटा घेऊन देवाशी सौदा करणारे नवस सगळ्या धर्मांत असतात आणि संतांनी त्यांची टर उडवली आहे; तुकोबांचा नवससायासांवरचा राग प्रसिद्धच आहे. मलिदा या टीकेतून थोडा निसटतो, कारण त्यात मागणं एका वाक्याचं आणि आभार तासाभराचे. खजुराचे, केळ्याचे, गुलाबाच्या वासाचे आभार मानून होईपर्यंत मागणं कुठेतरी मागे राहून जातं. निकाल काय लागायचा तो लागो, खजूर आणि केळं तर आज समोर आहे.

आता भारतातले ज्यू मोजायचे तर पाच हजारांच्या घरात. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. ठाणे-मुंबईत समाज बऱ्यापैकी नांदता आहे. कोकणातल्या काही प्रार्थनालयांत सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणंही जड जातं. खंडाळ्याच्या खडकावर मात्र वर्दळ असते. इस्रायलहून आलेली कुटुंबं आजीआजोबांचं गाव दाखवायला मुलांना आणतात: नवगावचं स्मारक, अलिबागच्या इस्रायल आळीतलं प्रार्थनालय, मग टापा. तिथे तबक मांडलं जातं, तेव्हा इथले उरलेले आणि तिथून आलेले एकाच चादरीभोवती बसतात.

त्या बैठकीत एक उलटापालट झालेली दिसते. शनवार तेल्यांच्या पिढ्यांना हिब्रू शब्द पाठ होते, अर्थ फारसा कळत नव्हता. काळजी आणि कौतुक दोन्ही मराठीत चालायचं. डिमोना-अश्दोदमध्ये जन्मलेल्या नातवंडांची हिब्रू ही बोलीभाषा, प्रार्थनेतला शब्द न् शब्द त्यांना कळतो. अडतं ते मराठीपाशी. मायबोली नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमध्ये वर्षानुवर्षं निघत राहिलं, ते वाचणारी पिढी आता म्हातारी झाली आहे. त्यामुळे आशीर्वादाचा अर्थ आजीनं नातवाला विचारायचा आणि खोवणी, बेदाणे, वेलची, जायफळ या मंडळींची नावं नातवानं आजीला, असा व्यवहार तबकाच्या दोन्ही बाजूंनी चालू असतो.